कुत्र्याची फेरी आणि हिवाळ्यातील पक्षी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हिवाळी पक्ष्यांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एक धागा समान निघाला. पत्रलेखक रोज कुत्र्याला फिरवायला नेतात, वाटेत त्यांना पक्षी दिसतात आणि या दोन गोष्टी एकत्र कशा जमवाव्यात, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे या विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी रोज सकाळी आमच्या देशी कुत्रीला घेऊन संभाजी तलावाच्या बाजूने फेरी मारते. डिसेंबर-जानेवारीत तेथे बदके आणि पाणथळीतील इतर पक्षी बरेच असतात, परंतु आम्ही थोडे जवळ गेलो की ते उडून जातात. कुत्रे बरोबर असताना पक्षीनिरीक्षण खरोखर होऊ शकते का, की त्यासाठी वेगळ्या वेळी एकटीने जावे?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : होऊ शकते. किंबहुना ज्या व्यक्तीला थंडी असो वा आळस असो, रोज एकाच वेळी एकाच वाटेने जावेच लागते, ती पक्षीनिरीक्षणासाठी फार योग्य व्यक्ती आहे. सुटीच्या दिवशी गाडी काढून दूरच्या धरणावर जाणाऱ्याला त्या दिवशीचे पक्षी दिसतात. आपल्याला मात्र थिरथिरा नेमका कोणत्या आठवड्यात आला, थापट्या बदकांची संख्या कधी वाढली आणि मार्चमध्ये कोण आधी निघून गेले, हे सारे एकाच तलावाच्या संदर्भात कळू शकते. अशा सलग नोंदींचे मोल मोठे आहे.

अडचण कुत्रीची आहे आणि ती आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आपली कुत्री कितीही गरीब स्वभावाची असली, तरी जमिनीवर किंवा काठावर चरणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ती शिकारी प्राणीच असते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या सीमेवरील रानात याचा प्रत्यक्ष अभ्यास झाला असून तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. साखळीला बांधलेली कुत्री वाटेवरून फिरवून नेल्यावर तेथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींमध्ये ३५ टक्के आणि पक्ष्यांच्या संख्येत ४१ टक्के घट आढळली. माणसे कुत्र्यांशिवाय चालून गेली तेव्हाचा परिणाम सहसा याच्या निम्म्याहूनही कमी होता. विशेष म्हणजे, जेथे कुत्री नेहमी फिरवली जातात तेथेही हा परिणाम तितकाच दिसला. त्यामुळे ‘येथील पक्ष्यांना आमच्या कुत्र्याची सवय झाली आहे’ असे जे आपण सहज म्हणतो, ते तपासून पाहायला हवे. तिकडच्या रानाचे आकडे सोलापूरच्या तलावाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे खरे; तरीही पक्ष्याला कुत्र्याची वाटणारी भीती आपल्या समजुतीपेक्षा अधिक खोल असते, एवढे त्यातून नक्की कळते.

यावर उपाय अंतराचा आहे. फेरीचे दोन भाग करावेत. घरातून निघाल्यावरचा पहिला भाग पाण्यापासून दूर, रस्त्याच्या कडेने न्यावा आणि त्या वेळी कुत्रीला मनसोक्त हुंगू द्यावे, कारण कुत्र्यासाठी हुंगणे हाच फिरण्याचा खरा आनंद असतो आणि तो मिळालेले कुत्रे नंतर पुष्कळ शांत राहते. त्यानंतर तलावाजवळ आल्यावर साखळी आखूड, दीड मीटरच्या आत धरावी आणि काठाला समांतर चालावे. पाण्याच्या दिशेने सरळ चाल करू नये. आपल्या दिशेने येणारा प्राणी आणि बाजूने निघून जाणारा प्राणी यांतला फरक बदकांना उत्तम कळतो.

बदके उडण्याआधी सूचना देतात. प्रथम चरणे थांबते, मग माना ताठ होतात, त्यानंतर ती आपल्याकडे पाठ करून संथपणे आत पोहू लागतात आणि शेवटी उडतात. यांतील पहिली खूण दिसताच थांबावे आणि दोन पावले मागे यावे. बहुतेक वेळा ती पुन्हा चरू लागतात. या एका सवयीने आपल्याला पक्षी अधिक वेळ पाहायला मिळतील. शिवाय त्यांची शक्तीही वाचेल. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढ्याच परतीच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या पक्ष्याला सकाळपासून चार वेळा उडावे लागले, तर त्याची किंमत त्याच्या अंगातील चरबीतून वसूल होत असते.

उभे राहण्याची जागा निवडताना सूर्य आपल्या पाठीशी असावा. जानेवारीत सोलापुरात सातच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पहिला तासभर प्रकाश तिरपा असतो. त्या वेळी पूर्वेकडे तोंड करून पाहिले तर सगळेच पक्षी काळे दिसतात. दुर्बीण घ्यायची असल्यास ८ × ३२ प्रकारची घ्यावी, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ३२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची. ती हलकी असते आणि एका हाताने स्थिर धरता येते, कारण दुसऱ्या हातात साखळी असणारच. साखळी कमरेच्या पट्ट्याला अडकवण्याची सोय मिळते, पण कुत्री ओढणारी असेल तर ती सोय धोक्याची ठरते. अशा कुत्रीला गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा घालणे बरे.

आपल्याला काय दिसेल, तेही सांगतो. रुंद, फावड्यासारखी चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरणारा थापट्या, लहानसा चक्रांग आणि डोळ्यावर ठसठशीत पांढरी पट्टी असलेला भुवई बदकाचा नर हे हिवाळी स्थलांतरित आहेत. चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी तांबडे ठिपके असलेले हळदी-कुंकू बदक मात्र इथलेच, बारमाही. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरीही हिवाळ्यात संख्येने वाढतो. जेथे जलपर्णीचा थर दाट झाला आहे, तेथे बदके कमी दिसतील, कारण त्यांना मोकळे पाणी लागते. तेथे जांभळी पाणकोंबडी आणि वंचक शोधावेत. काठावरच्या झाडांकडेही लक्ष असू द्यावे. शेपूट सतत थरथरवणारा थिरथिरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि एप्रिलपर्यंत निघून जातो. त्याचा पहिला आणि शेवटचा दिवस दरवर्षी वहीत लिहून ठेवावा, ही माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : होटगी रस्त्याकडील नाल्यालगत फिरताना शेपूट वर-खाली हलवणारे छोटे पक्षी दिसतात. काही काळे-पांढरे असतात, काही पिवळसर. आमचा लॅब्राडोर त्यांच्या मागे जायला बघतो, तेव्हा ते थोडे उडून पुन्हा पुढे बसतात. हे सगळे एकच पक्षी आहेत का?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : हे सगळे धोबी आहेत, पण जाती वेगवेगळ्या आहेत आणि आपल्या नाल्यावर त्यांतील तीन-चार जाती एकाच सकाळी दिसू शकतात. काळ्या-पांढऱ्यांपासून सुरुवात करू. डोके, छाती आणि पाठ काळीभोर असून डोळ्यावर लांब पांढरी भुवई असेल, तर तो मोठा कवड्या धोबी. तो आपल्याकडे बाराही महिने राहतो आणि येथेच घरटे करतो. पाठ राखाडी आणि चेहरा पांढरा असेल, तर तो पांढरा धोबी. हा उत्तरेकडून येणारा हिवाळी पाहुणा.

पिवळसर धोब्यांत गोंधळ होतो, कारण हिवाळ्यात त्यांचे रंग फिके असतात आणि पहिल्या हिवाळ्यातील पिल्ले तर आणखी मळकट दिसतात. अशा वेळी रंग बाजूला ठेवून पाठ, पाय आणि शेपूट पाहावे. पाठ हिरवट, पाय काळे आणि शेपूट बेताची असेल, तर तो पिवळा धोबी. तो ओल्या गवतात, गुरांच्या पायांजवळ थव्याने हिंडतो. पाठ राखाडी, पाय फिकट गुलाबी आणि शेपूट अंगाच्या मानाने फारच लांब असेल, तर तो करडा धोबी. तो वाहत्या पाण्याजवळ बहुधा एकटाच असतो आणि उडताना त्याच्या पाठीचा शेपटीजवळचा भाग पिवळा दिसतो. पाठ राखाडी, पाय काळे आणि पंखांवर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या असतील, तर तो पिवळ्या डोक्याचा धोबी. याला दलदल आवडते.

आपल्या लॅब्राडोरपुढे हे पक्षी थोडे थोडे उडून बसतात, तो खेळ नव्हे. तेथील किडे सोडून जायला ते तयार नसतात, म्हणून धोक्यापासून जेमतेम सुटतील एवढेच उडतात. आपण थांबलात आणि कुत्र्याला खाली बसवलेत, तर धोबी काही मिनिटांत परत फिरेल आणि आपल्याला त्याच्या पायांचा रंग सावकाश पाहता येईल. बसायला शिकलेला लॅब्राडोर ही पक्षीनिरीक्षकाची मोठी सोय आहे. धोबी ओळखण्याच्या निमित्ताने त्याला ‘बस’ आणि ‘थांब’ या दोन आज्ञा पक्क्या शिकवाव्यात.

प्रश्न : माझ्याकडे कारवानी कुत्रा आहे. त्याला पळायला मोकळी जागा लागते, म्हणून बार्शी रस्त्याच्या बाजूला माळावर नेऊन सोडतो. मला पक्ष्यांचीही आवड आहे. संध्याकाळी तेथे मोठे शिकारी पक्षी गवतावरून अगदी कमी उंचीवर उडताना दिसतात. ते कोणते असावेत? कुत्रा सोडल्याने त्यांना काही त्रास होतो का? ते तर हवेत असतात.
— एक वाचक, उत्तर सोलापूर तालुका

उत्तर : गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित वर उचलून, डोलत उडणारे हे पक्षी म्हणजे भोवत्या असणार. आपल्या माळांवर हिवाळ्यात मुख्यतः माँटेगूचा भोवत्या आणि पॅलिड भोवत्या या दोन जाती येतात. त्यांची वीण कझाकस्तान आणि त्याच्या आसपासच्या गवताळ प्रदेशांत होते आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत ते आपल्याकडील नाकतोडे, उंदीर व लहान पक्षी खाऊन राहतात. दोन्ही जातींचे नर फिकट राखाडी, पंखांची टोके काळी. माँटेगूच्या नराच्या पंखावर एक काळी आडवी रेघही असते. माद्या तपकिरी आणि दुरून ओळखायला फार अवघड. अनुभवी माणसेही पुष्कळदा ‘दोहोंपैकी एक’ एवढेच लिहून थांबतात.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. ते हवेत असतात, हे फक्त सूर्यास्तापर्यंत खरे आहे. भोवत्या झाडावर झोपत नाहीत. दिवस मावळताना ते ठरावीक माळावर एकत्र येतात आणि उंच गवतात, थेट जमिनीवर रात्र काढतात. आपण ज्या वेळी कुत्रा सोडता, नेमक्या त्याच वेळी, ज्या गवतात तो धावतो, कदाचित त्याच गवतात ते उतरत असतात. अंधार पडताना उठवलेल्या भोवत्याला दुसरी सुरक्षित जागा शोधणे कठीण जाते आणि हे रोज घडू लागले तर तो माळच ते सोडून देतात.

कारवानी हे नजरेने शिकार करणारे कुत्रे आहे. हलणारी वस्तू एकदा दृष्टीस पडली की त्याला मालकाची हाक ऐकू येत नाही, ही त्याची चूक नव्हे. शतकानुशतके माणसाने त्याला त्यासाठीच घडवले आहे. माळावर त्याच्यासमोर ससा येईल, तित्तिर येईल, खोकड येईल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत केवळ मारणे येत नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही तिच्यात मोडते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. त्याच्या आत कुत्रा नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, पण अभयारण्याची सीमा पक्ष्यांना ठाऊक नसते. बाहेरचा माळही त्याच पक्ष्यांचा आहे, आणि माळढोक आपल्या डोळ्यांदेखत या माळांवरून दिसेनासा होत गेला असताना उरलेल्या माळपक्ष्यांबाबत आपण अधिक कडक राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. धाविक, पखुर्डी, माळटिटवी, डोंबारी आणि चंडोल हे सारे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळटिटवीचा मोसम मार्चपासून भरात येतो, तर डोंबारीची घरटी वर्षाच्या बहुतेक महिन्यांत सापडू शकतात. टिटवी ओरडत कुत्र्यावर झेपावू लागली, तर जवळच अंडी किंवा पिल्ले आहेत असे समजून आल्या वाटेने परत फिरावे.

आणखी एक गोष्ट कुत्र्याच्या भल्यासाठी सांगतो. डिसेंबरनंतर माळावरचे कुसळी गवत वाळते आणि त्याची टोकदार, पिळदार कुसळे कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात. ती एकाच दिशेने आत सरकत जातात, आपोआप बाहेर येत नाहीत आणि मग जखम चिघळते. कुत्रा पंजा सतत चाटत असेल किंवा डोके एका बाजूला झटकत असेल, तर वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे न्यावे. त्याला धावायला मोकळी जागा हवी, ही आपली गरज रास्त आहे. त्यासाठी कुंपण असलेले शेत, नांगरट करून ठेवलेले ओळखीच्या माणसाचे रान किंवा पहाटेचे रिकामे क्रीडांगण, परवानगी घेऊन, वापरावे. माळावर मात्र तो साखळीतच असावा, आणि भोवत्या पाहायचे असतील तेव्हा आपण कुत्र्याला घरी ठेवून जावे.

प्रश्न : मी आठवीत शिकतो. आमच्या गावाकडे ज्वारीच्या रानात संध्याकाळी हजारो पक्षी एकदम आभाळात वळतात. आमचा मोती त्यांच्यावर भुंकतो. आजोबा म्हणतात त्या भोरड्या आहेत आणि त्या ज्वारी खातात. त्या कुठून येतात? त्यांना हाकलावे का?
— एक विद्यार्थी, मोहोळ तालुका

उत्तर : आजोबांचे बरोबर आहे. भोरडी हा साळुंकीचा भाऊबंद. मोठ्या पक्ष्याचे डोके, पंख आणि शेपूट काळी, तर पाठ व पोट गुलाबी असते. पिल्ले मातकट रंगाची आणि पिवळसर चोचीची असतात. त्यांची घरटी मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंतच्या खडकाळ भागांत, जेथे टोळ व नाकतोडे मुबलक असतात अशा ठिकाणी असतात. पावसाळा संपता संपता त्या आपल्याकडे येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात.

त्या दाणे खातात, हे खरे आहे, आणि मालदांडी हुरड्यात आली की आजोबांसारख्या शेतकऱ्यांना मचाणावर उभे राहून राखण करावीच लागते. दाणे वाचवण्यासाठी त्यांना उडवून लावण्यात काही गैर नाही. पण त्याच भोरड्या पिकावरचे नाकतोडे आणि अळ्याही मोठ्या संख्येने फस्त करतात, आणि पुढे पळस, पांगारा व सावर फुलली की फुलांतील रस पिऊन परागीभवनाला हातभार लावतात. म्हणून राखण करावी, इजा करू नये. संध्याकाळी त्या रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवर उतरण्याआधी थव्याने वळतात. एवढ्या गर्दीत शिक्रा किंवा ससाण्याला एक पक्षी हेरणे अवघड होते. तू एकदा मोतीला आजोबांजवळ ठेवून ये आणि थवा नेमका कोणत्या झाडांवर उतरतो ते पाहून मला कळव.

प्रश्न : फेरीनंतर कुत्र्याला तलावात पोहू द्यावे का? त्याच्या अंगावर गोचिडी फार होतात, पाण्याने त्या कमी होतील असे वाटते.
— एक वाचक, सोलापूर शहर

उत्तर : देऊ नये. पोहण्याने गोचिडी जात नाहीत, आणि गोचिडीतून पसरणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो, त्यामुळे त्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषध करावे. मानेवर थेंब सोडण्याच्या औषधांपैकी बऱ्याच औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशके असतात. अशा कुत्र्याने पाण्यात उडी घेतली की ती पाण्यात उतरतात. इंग्लंडमधील नद्यांच्या पाण्यात ही दोन्ही द्रव्ये आढळली आहेत. पाण्यातील किडे मेले तर तुताऱ्या, शेकाटे आणि धोबी असे जे काठावरचे पक्षी आपण पाहायला जातो, त्यांचे अन्नच जाते. शिवाय साचलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली असेल, तर तिच्यातील काही शेवाळी कुत्र्याला विषारी ठरतात.

प्रश्न : आम्ही काही शेजारी एकत्र कुत्री फिरवतो आणि आता पक्ष्यांची नोंद ठेवू लागलो आहोत. ही नोंद कोणाच्या उपयोगी पडेल का? आणि कुत्र्यांशिवाय एखादा दिवस कोठे जावे?
— वाचकांचा एक गट, जुळे सोलापूर

उत्तर : नक्की उपयोगी पडेल. ईबर्ड या संगणकीय व्यासपीठावर मोबाइलमधून दिवसाची यादी भरता येते. निघाल्याची वेळ, चाललेले अंतर आणि दिसलेल्या प्रत्येक जातीची संख्या एवढे त्यासाठी पुरते. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी सुचवते, पण त्याचे उत्तर ही सूचना समजावी. पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा आवाजाची स्वतः खात्री झाल्याशिवाय यादीत लिहू नये. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातील पक्ष्यांची जागतिक गणना असते. भारत तीत २०१३ पासून सहभागी आहे आणि एका यादीसाठी किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण पुरते. आपल्या गटाला ही दुसरी गणना अगदी सोयीची आहे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा पहिला दिवस हा मारुती चितमपल्ली यांचा, तर शेवटचा सलीम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली १९३२ मध्ये सोलापुरात जन्मले आणि २०२५ मध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. त्यामुळे सोलापूरकरांनी तरी आपल्या हंगामी नोंदीची सुरुवात त्या आठवड्यापासून करावी, असे मला मनापासून वाटते.

कुत्र्यांशिवाय जायचे तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव जवळ आहे. वेळ असेल तर उजनीच्या फुगवट्यावर जावे. तेथे रोहित पक्ष्यांबरोबर पट्टकदंब हंसही दिसू शकतात, ज्यांनी हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे.

यादी भरताना टिपणाच्या रकान्यात त्या दिवशी बरोबर किती कुत्री होती, हेही लिहीत चला. आठवड्यातून एक फेरी त्याच वाटेने, त्याच वेळी, कुत्र्यांशिवाय करा. मार्चअखेर दोन्ही प्रकारच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर आपल्या वाटेवर कोणत्या जाती कुत्र्यांमुळे दूर राहतात आणि कोणत्या राहत नाहीत, हे आपल्याला स्वतःच्या नोंदींवरून सांगता येईल. ती तुलना आमच्याकडे अवश्य पाठवा. एप्रिलच्या अंकात तिच्यासाठी जागा ठेवू.